मामांसाठी घेतलेली गादी

आमच्या कॉलनीत कुणाला सिंगल बेडसाठी फोमची गादी घ्यायची असली की मला फोन येतो. जळगावात गाद्यांची दुकानं काही कमी नाहीत, पण दुकानदारापेक्षा मला जास्त कळतं असा एक समज पसरला आहे आणि तो मीच पसरवला आहे. झोपणाऱ्याचं वजन किती, तो कुशीवर झोपतो की पाठीवर, पलंगाला कडा आहेत का, खोलीवर पत्रा आहे की स्लॅब, हे सगळं विचारून मी सल्ला देतो. सल्ला चोख असतो. फक्त फोन ठेवल्यावर पुढचा अर्धा तास माझ्याशी कुणी बोलू नये. बायको तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, कारण तिला सगळं ठाऊक आहे. बाकी कुणाला मी कधी सांगितलं नाही. सांगायला लागलो की आवाज चढतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं एका गादीसाठी हा माणूस एवढा काय तापतो आहे.

माझे मामा धुळे आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी मुक्कामी गाड्या चालवल्या. संध्याकाळी गाडी सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावात न्यायची, तिथेच राहायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. निजायचं ते बसच्या शेवटच्या सीटवर. मामा उंच, सीट आखूड, त्यामुळे गुडघे पोटाशी घेऊन झोपायची त्यांना सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरी अंगणभर जागा असली तरी ते खाटेवर तसेच मुटकुळं करून पडायचे. पाय लांब करून झोपलेले मामा मी कधी पाहिले नाहीत.

आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामा वयानं कितीही मोठे असोत, भाचा दारात आला की त्याच्या पाया पडतात. पंच्याहत्तरीचा तो उंच माणूस माझ्यासमोर वाकायचा तेव्हा मला पळून जावंसं वाटायचं. मी अडवायचो, ते ऐकायचे नाहीत. आई गेल्यावर तर माझ्यावर त्यांचा जीव दुप्पट झाला. मी मोठा माणूस वगैरे काही नाही. एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांना वजनमापं काढून द्यायची, प्रयोग संपले की मोजून परत ठेवायची. पण मामा गावात सांगायचे की आमचा भाचा सायन्सवाला आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मामा मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्यात ऑपरेशन झालं, पण ते काही पुन्हा चालते झाले नाहीत. धरून खुर्चीत बसवलं तर बसायचे, एरवी पडून. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं की झोळ पडलेल्या खाटेवर यांना निजवू नका. फळीचा सिंगल बेड आणा, त्यावर चांगली फोमची गादी टाका, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. मामेभावानं बेड धुळ्याहून आणला. गादीचं काय, हा प्रश्न निघाला तेव्हा मीच पुढे झालो. म्हटलं, गादी माझ्याकडे लागली. मामी म्हणाल्या, "तूच आण, बापू. तुले समजस."

मला काही समजत नव्हतं. आमच्या घरात तेव्हा कापसाच्याच गाद्या होत्या. पण मामांच्या पाठीचा प्रश्न होता आणि माझा स्वभाव असा की एखाद्या गोष्टीच्या मागे लागलो की तिचा पिच्छा पुरवतो. पहिल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, चाळीस डेन्सिटीचा फोम आहे, डोळे झाकून घेऊन जा. मी म्हटलं, डोळे उघडे ठेवून नेईन, एक तुकडा द्या. त्यानं हसत हसत कापून दिला. प्रयोगशाळेत नेऊन मी त्याचा दहा सेंटिमीटरचा घनाकार ठोकळा नीट कापला. असा ठोकळा बरोबर एक लिटरचा होतो, त्यामुळे तो जितके ग्रॅम भरेल तितकी त्याची डेन्सिटी. तराजूवर ठेवला. तेवीस ग्रॅम. दुसऱ्या दिवशी ठोकळा आणि चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो तर गृहस्थ म्हणतात, साहेब, थंडीत वजन कमी भरतं. असली उत्तरं ऐकली की माझं डोकं फिरतं. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

दुसऱ्या दुकानदारानं ऑर्थोपेडिक गादी दाखवली. डॉक्टरांनी सांगितली आहे म्हटल्यावर ऑर्थोपेडिकच हवी, असं त्याचं म्हणणं. आत काय आहे विचारलं तर रिबाँडेड. म्हणजे उरलेल्या फोमचा चुरा करून, डिंक घालून, दाबून केलेला ठोकळा. तो नव्वद ग्रॅम भरला. वजनदार खरा, पण हातानं दाबला तर दबेना. धडधाकट माणसाला ठीक आहे. मामा जेमतेम पंचेचाळीस किलोचे उरले होते, खांदे आणि माकडहाड वर आलेली. त्यांना त्यावर निजवणं आणि फरशीवर निजवणं एकच होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नुसती डेन्सिटी धरून बसलो तर चुकेन. वजन वेगळं आणि मऊपणा वेगळा. मग मी ठोकळ्यांवर प्रयोगशाळेतली वजनं ठेवून कोणता किती दबतो आणि वजन उचलल्यावर किती वेळात वर येतो ते लिहून ठेवायला लागलो. मेमरी फोम मनात भरला होता. बोट दाबलं की खूण राहते, अंगाच्या आकारानं खाली जातो. पण तो अंगाची ऊब धरून ठेवतो. आपल्याकडे चैत्र लागला की भिंती तापतात. त्यात मेमरी फोमवर पडून राहिलेला म्हातारा माणूस उकडून निघाला असता. तोही बाद केला.

शेवटी एचआर फोमवर आलो. दाबला की दबतो, सोडला की लगेच वर येतो आणि आतून हवा खेळती राहते. खाली तीन इंच जरा घट्ट, वर दोन इंच मऊ. एकूण पाचच इंच, कारण सहा केली असती तर बेडवर बसवल्यावर मामांचे पाय जमिनीला टेकले नसते. वर सुती, चेन असलेलं, धुता येईल असं कव्हर. मामेभावानं मला बेडचं माप बाहेरून घेऊन दिलं होतं. मी गावी जाऊन कडांच्या आतलं घेऊन आलो, एक इंचाचा फरक निघाला. बायको म्हणाली, तीस वर्षं माझी कंबर दुखते आहे, माझ्यासाठी कधी तराजू काढला नाही. तिचं खरं होतं. पण मला एकच दिसत होतं. त्या माणसाचे किती दिवस उरलेत ठाऊक नव्हतं, जे उरलेत त्यात त्यांना धड पाठ टेकता यावी. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं आणि मला त्यांच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच होतं.

गादी छोट्या टेम्पोत टाकून मी स्वतः घेऊन गेलो. कारखान्याची जाड प्लॅस्टिकची पन्नी तशीच होती. तिच्यावर मी स्केचपेननं एका टोकाला बाण काढून 'डोक्याची बाजू' असं लिहिलं होतं आणि खाली 'दर महिन्याला फिरवणे'. मामांनी पडल्या पडल्या हात लांब केला आणि पन्नीवरूनच गादी दाबून बघितली. हात बराच वेळ तिथेच ठेवला. मामींनीही हात फिरवला आणि विचारलं, "कोनी वापरेल नही ना?" मी छाती फुगवून सांगितलं की मामी, थेट कारखान्यातून आली आहे, हिच्यावर अजून माशीसुद्धा बसली नाही. मी पन्नी काढायला ब्लेड मागितलं तर त्या म्हणाल्या, आज अमावस्या आहे, उद्या टाकू. मला हे असलं काही पटत नाही, पण एका दिवसाचा प्रश्न होता आणि टेम्पोवाला खोळंबला होता. मी निघालो.

त्यानंतर दर रविवारी मी फोन करायचो. मामेभाऊ फोन मामांच्या कानाला लावायचा. मी पहिलं हेच विचारायचो, गादी कशी आहे. मामा म्हणायचे, "मस्त शे, बापू. पडनू का झोप लागी जास." पाठीला टोचत नाही ना? नाही. गरम होत नाही ना? नाही. एकदा तर म्हणाले की एवढ्या वर्षांच्या नोकरीची झोप आता भरून काढतो आहे. मी ते वाक्य बायकोला सांगितलं, प्रयोगशाळेत सांगितलं, प्राध्यापकांनाही सांगितलं. ठोकळे आणि आकडे मांडून मी एका माणसाला झोप मिळवून दिली होती, आणि मला त्याचा गर्व झाला होता हे मी लपवत नाही.

मधल्या काळात दोनदा मी स्वतः जाऊन आलो. जायच्या आदल्या दिवशी फोन करून. आमच्यात भाचा न सांगता जात नाही. त्याच्यासाठी वरण-बट्टी होते, वांग्याची भाजी होते, त्या तयारीला मामीला वेळ द्यावा लागतो. दोन्ही वेळेस मामा खुर्चीत बसलेले होते, दाढी केलेली, अंगावर धुतलेला सदरा. मागे बेड, बेडवर माझी गादी, तिच्यावर स्वच्छ चादर. खुर्चीत ते जरा तिरके बसायचे, एका बाजूवर भार देऊन. मला वाटलं खुब्यामुळे. दुसऱ्या वेळेस मी खिशातून फूटपट्टी काढली. पडून असलेल्या माणसाच्या गादीला तीन महिन्यांत मधोमध खड्डा पडायला लागतो, स्वस्त फोमला तर हमखास. मी चादर वर करून कडेला माप घेतलं, मग मध्ये सुई टोचून माप घेतलं. दोन्हीकडे पाच इंच. मामा खुर्चीतून बघत होते.

"खाले बसनी नही ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एक सूतसुद्धा नाही. ते हसले. मीही हसलो. मामी आत बट्ट्या तळत होत्या. जळगावला परतताना बसमध्ये बसल्या बसल्या मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली की फोम असा निवडावा.

ज्या गादीवर पंचेचाळीस किलोचा माणूस रात्रंदिवस पडून आहे ती तीन महिन्यांत एक सूतही बसत नाही, असं होत नसतं. फोम कितीही चांगला असो. जो माणूस थंडीत वजन कमी भरतं म्हणणाऱ्या दुकानदारावर चिडला, त्याच्या डोक्यात हे आलं नाही. मला जे हवं होतं तेच माझी फूटपट्टी दाखवत होती, म्हणून मी पुढे विचार केला नाही.

चैत्रात, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला दोन आठवडे असताना, सकाळी मामेभावाचा फोन आला. मी पोचलो तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. मामांना जमिनीवर घेतलेलं होतं. बेड कुणीतरी भिंतीशी उभा केला होता आणि गादीकडे बघायचं मला तेव्हा सुचलं नाही. आंघोळ घालायच्या वेळी मामेभाऊ आणि मी, आम्ही दोघांनी मामांना कुशीवर केलं. तेव्हा मी त्यांची पाठ पाहिली.

ती कशी होती ते मी लिहिणार नाही. माकडहाडाच्या जागी हाड दिसत होतं एवढं सांगतो. मी पाण्याचा तांब्या धरला होता, तो माझ्या हातून खाली पडला. कुणीतरी म्हणालं, भाच्याला बाजूला घ्या, त्याला सहन होत नाही. लोकांना वाटलं मी मामा गेले म्हणून रडतो आहे. मी रडत होतो ते माझी गादी चुकली म्हणून. माझं गणित चुकलं, माझा फोम चुकला, आणि ते चार महिने फोनवर मस्त आहे म्हणत राहिले ते माझं मन मोडू नये म्हणून, असं मला वाटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. जळगावला आलो, प्रयोगशाळेच्या कपाटातून एचआर फोमचा ठोकळा काढला, पुन्हा वजन केलं. वजन तेच भरलं. वरचा थर तीन इंच हवा होता का? एचआरऐवजी हवेची गादी घ्यायला हवी होती का, ती मोटार लावून सतत हलत राहणारी? एका डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, चांगल्या गादीवरही जखमा होतात, पण इतक्या नाही सहसा. त्या सहसानं माझी झोप उडाली. मी बायकोला म्हटलं, त्यांच्या पाठीवर त्या जखमा मी केल्या. ती म्हणाली, असं बोलू नका. मी दिवसातून चारदा तेच बोलत होतो. दहाव्याला नदीवर मामेभावाला बाजूला घेतलं आणि हात जोडून सांगितलं की भाऊ, माझी गादी चुकली, मला माफ कर. तो खाली वाळूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नही रे दादा, तसं काही नही." एवढंच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्याचा अर्थ भलताच काढला.

गंधमुक्तीच्या, म्हणजे तेराव्या दिवशी शेज द्यायची असते. गेलेल्या माणसाच्या नावानं पलंग, गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या-भांडं असं सगळं मांडायचं आणि जावयाला किंवा भाच्याला द्यायचं. त्यानं त्या पलंगावर घटकाभर झोपायचं, घरच्यांनी त्याचे पाय चेपायचे. त्याला दिलेलं वर गेलेल्याला पोचतं, अशी समजूत. मामांना मुलगी नव्हती, म्हणजे शेज मीच घ्यायची हे ठरलेलं होतं. मी मानत नाही, पण मामांसाठी हो म्हटलं होतं. हल्ली शेजेचा तयार संच मिळतो, घडीची खाट आणि बोटभर जाडीची गादी. तसंच काहीतरी आणलं असेल असं मी धरून चाललो होतो.

मांडवात गुरुजी बसले होते, पाहुणे गोल करून बसले होते. मामांचा सिंगल बेड धुऊन पुसून मध्ये ठेवला होता. मामेभाऊ आणि त्याचा मेहुणा मागच्या खोलीतून, धान्याच्या कोठ्यांमागून, एक गादी उचलून घेऊन आले. पन्नीत गुंडाळलेली. मला वाटलं, अरे, यांनी दुसरी फोमची गादी घेतली, उगाच एवढं करायची काय गरज होती. मग त्यांनी ती बेडवर आडवी केली आणि पन्नीवर माझं अक्षर दिसलं. बाण, आणि 'डोक्याची बाजू'.

मी जवळ गेलो. पन्नीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलेलं होतं. पट्टीचे तीन थर होते. सगळ्यात खालचा कारखान्याचा, रुंद आणि पिवळा. वरचे दोन साध्या पांढऱ्या पट्टीचे. दोनदा उघडली होती आणि दोनदा परत बंद केली होती. मी दोनदा आलो होतो. मोजणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे मला कुणी काही सांगावं लागलं नाही. मी येणार म्हणून फोन केला की त्या माणसाला उचलून खुर्चीत बसवायचं, जुनी गाठी पडलेली कापसाची गादी काढायची, माझी घालायची, चादर ओढायची. मी गेलो की परत सगळं उलटं. उघड्या पाठीचा माणूस मला दाखवण्यासाठी खुर्चीत बसवला जायचा, आणि मी त्याच्यासमोर फूटपट्टी घेऊन माप घ्यायचो.

मी मामींकडे वळलो. त्या खांबाशी बसल्या होत्या, कोरं कपाळ, डोक्यावर पदर. मी विचारलं, हे काय आहे. मामेभाऊ म्हणाला, दादा, आपण नंतर बोलू. मी म्हटलं, नंतर नाही.

मामी घाबरल्या नाहीत. मला वाटतं, त्या मी विचारायची वाटच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आठे चार महिना काढाना, तठे कायमनं ऱ्हावानं. कोरी दिधी तरच पोचस." इथे काय, उरलेले दिवस कसेही निघाले असते. वर कायमची झोप होती, ती चांगल्या गादीवर व्हावी. वापरलेली गादी शेजेला चालत नाही आणि अशी गादी आपल्याच्यानं पुन्हा होणार नाही. म्हणून जपून ठेवली. त्यात काय चुकलं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

मी म्हटलं, त्यांची पाठ कुजत होती, मामी.

"त्यास्नीच सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या.

हे मला अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. गादी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पन्नी न काढता मामांना तिच्यावर टाकून पाहिलं होतं. दुपारची वेळ होती. मामा थोडा वेळ पडले. मग म्हणाले, "उचला माले. खराब व्हई जाई." त्यांचं लघवीवर नियंत्रण राहिलं नव्हतं. शेजेसाठी ठेवा, असं त्यांनीच सांगितलं. भाचा आला की मात्र घाला, त्याला वाईट वाटायला नको, हेही त्यांचंच. फोनवर काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, ते स्वतःच बोलायचे.

मामींवर मी ओरडू शकलो असतो. मामेभावाला तर त्या दहाव्याच्या वाळूबद्दल दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं. मी हात जोडून उभा होतो आणि यानं तोंड उघडलं नाही. पण खरा दगा मामांनी दिला होता. माझ्या पाया पडणाऱ्या माणसानं चार महिने, दर रविवारी, मला खोटं सांगितलं. खाली बसली नाही ना, असं विचारून माझ्याकडून उत्तरही घेतलं, आणि हसले. मी त्यांच्यासाठी वजनं केली, मापं घेतली, दुकानदारांशी भांडलो, आणि त्यांनी एकदा पाठ टेकून ती गादी मला परत करायचं ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दहा गाद्या आणल्या असत्या, एक इथे घाला आणि एक वर न्या म्हटलं असतं. तो राग मी कुणावर काढू? ते फोटोत होते, आणि फोटोला हार होता.

मी म्हटलं, मी ही शेज घेणार नाही. झोपणार नाही मी हिच्यावर.

मांडवात कुजबुज झाली. गुरुजींनी पोथीतून मान वर केली. एक म्हातारे नाना म्हणाले, भाच्यानं असं करू नये. मामेभाऊ माझा दंड धरायला आला, मी झटकला. मामी खांबाला धरून उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला.

"तू नही झोपना तर त्यास्ले भेटस नही, बापू. मंग कसाले सोसं त्यास्नी?"

मी वर-खाली काही मानत नाही. मेलेला माणूस कुठे झोपत नाही, आणि फोम कुठे पोचत नाही. पण मामांनी ते मानून पाठीचं हाड उघडं पडेपर्यंत सोसलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांचं ते सोसणंही फुकट गेलं असतं, आणि तेवढा दगा त्यांना उलटा देण्याची माझी हिंमत झाली नाही.

मामेभावानं ब्लेडनं पन्नी फाडली. मी चपला काढल्या आणि गादीवर आडवा झालो. गुरुजींनी मामांचं नाव घेऊन मंत्र म्हटला. मामी पायथ्याशी बसून माझे पाय चेपू लागल्या. गादी चांगली होती. खांद्यांना आणि कमरेला जिथे दबायला हवी तिथे दबली, जिथे उचलून धरायला हवं तिथे उचलून धरलं. तीस वर्षं प्रयोगशाळेत उभं राहून माझी पाठ धरलेली असते, ती तिथल्या तिथे सैल झाली. माझी निवड बरोबर होती. तेराव्या दिवशी, पन्नास माणसांसमोर, ते मला पहिल्यांदा कळत होतं, आणि ज्याला कळायला हवं होतं त्याला लघवीच्या भीतीनं एका दुपारीच उचललं होतं.

मंत्र संपला. गुरुजी म्हणाले, झालं, उठा आता. पंगत खोळंबली होती. मी उठलो नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मामेभाऊ जवळ आला आणि हळूच म्हणाला, दादा, ऊठ, लोक बघता आहेत.

"चार महिने त्यांना थांबवलंत," मी म्हटलं. "आता तुम्ही थोडं थांबा."

मामींचे हात माझ्या पायावर थांबले, मग पुन्हा चेपू लागले. मी डोळे मिटून घेतले.